थेंबे थेंबे बारा पॉइंट: लायसन्स जाण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज आम्ही दोघं बोलणार आहोत, नवरा-बायको. एकच मजकूर दोघांनी मिळून लिहून आणलाय, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हणणार. आम्ही वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. मूळचे सांगलीचे, गेली बारा-तेरा वर्षं इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला राहतो. गेल्या काही वर्षांत आम्ही जे शिकलो ते कोर्टाची पायरी चढून शिकलो. शहाण्याने ती चढू नये म्हणतात. आम्ही चढलो, तर निदान तुमची एक खेप वाचावी, एवढ्यासाठी हे व्याख्यान.

आमच्या घरातल्या एका लायसन्सवर अडीच-तीन वर्षांत वेगाचे बारा पॉइंट साठले. दारू नाही, अपघात नाही, कुणाला धक्काही लागला नाही. सगळे गुन्हे ‘थोडंसं जास्त’ या प्रकारातले. तरीही सहा महिने गाडी चालवायला बंदी झाली. हे कसं होतं, ते आधी हिशेबाने सांगतो.

आपल्या डोक्यातला हिशेब आणि इथला हिशेब

आपण भारतातून येतो तेव्हा डोक्यात एक समीकरण पक्कं असतं: पावती फाडली, पैसे भरले, विषय संपला. तिकडे मोबाइलवर ई-चलान येतं, ते गाडीच्या नंबरावर असतं आणि पैसे भरले की आपण विसरून जातो. लायसन्स निलंबित करायची तरतूद भारताच्या मोटार वाहन कायद्यातही आहे, पण आपल्यातल्या बहुतेकांना तिचा अनुभव नसतो. त्यामुळे ‘भरलं की फिटलं’ ही सवय अंगात मुरलेली असते.

इथे दंड ही लहान गोष्ट आहे. नेहमीचा दंड १०० पौंड. त्याच्या सोबत जे ३ पॉइंट येतात, ती खरी शिक्षा. पैसे भरून ते पुसले जात नाहीत. वेगाच्या गुन्ह्याचे पॉइंट नोंदीवर चार वर्षं राहतात आणि बंदीच्या बेरजेत तीन वर्षं धरले जातात. चित्रगुप्ताच्या वहीसारखं आहे हे. तुम्ही विसरता, वही विसरत नाही.

नियम साधा आहे. तीन वर्षांच्या आत केलेल्या गुन्ह्यांचे पॉइंट १२ किंवा जास्त झाले की कोर्टाने किमान सहा महिने बंदी घालायची. हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स ॲक्टचा नियम आहे आणि त्याच्या कलम ३५ मध्ये तो येतो. इथले लोक याला ‘टॉटिंग अप’ म्हणतात, म्हणजे बेरीज करत जाणं. आधीच्या तीन वर्षांत ५६ दिवसांची किंवा मोठी बंदी एकदा झाली असेल, तर किमान मुदत एक वर्ष होते. अशा दोन बंद्या झाल्या असतील तर दोन वर्षं.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. तीन वर्षं मोजायची ती गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. कोर्टाची तारीख कधीची, याला महत्त्व नाही. त्यामुळे ‘केस लांबवू, तोवर जुने पॉइंट गळून पडतील’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आम्हाला तो दोघांनी दिला होता.

आमचे पाच प्रसंग

फेब्रुवारी २०२१. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३७. पॉइंट नाही, कारण स्पीड अवेअरनेस कोर्सचा पर्याय मिळाला. कोर्स केला, वहीत टिपणं काढली, महिनाभर गाडी सावकाश चालवली. हा कोर्स तीन वर्षांत एकदाच मिळतो, हे तिथे सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मे २०२१. मोटरवेवर दुरुस्ती चालू, मर्यादा ५०, आमची सरासरी ६१. तिथे एक कॅमेरा नसतो, दोन कॅमेऱ्यांमधला वेळ मोजतात. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पळायची युक्ती तिथे चालत नाही. ३ पॉइंट.

फेब्रुवारी २०२२. वस्तीतला २० चा रस्ता, आम्ही २७. ३ पॉइंट, एकूण ६.

ऑक्टोबर २०२२. पुन्हा ३० च्या रस्त्यावर ३८. एकूण ९.

आणि जानेवारी २०२४. मर्यादा ४०, आम्ही ४८. मुलाला शाळेत सोडायचं होतं, उशीर झाला होता. मे २०२१ पासून मोजलं तर तीन वर्षं व्हायला चार महिने बाकी होते. तोवर थांबलो असतो तर पहिले तीन पॉइंट बेरजेतून बाहेर पडले असते. थोडक्यात, ९ अधिक ३, झाले १२.

नंतर एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तो ४० चा पट्टा साधारण दोन मैलांचा. ४० ने गेलो तर तीन मिनिटं लागतात, ४८ ने गेलो तर अडीच. अर्ध्या मिनिटासाठी सहा महिने घालवले. आणि हायवे कोडमधला थांबण्याच्या अंतराचा तक्ता काढून बघा: ३० च्या वेगाने गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ४० ने ३६ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला, अंतर निम्म्याहून जास्त वाढलं. शाळेच्या रस्त्यावर ते जास्तीचे १३ मीटर म्हणजे काय, हे आई-बापांना समजावून सांगावं लागत नाही. पॉइंट कशासाठी असतात हे आम्हाला त्या तक्त्यावरून कळलं, पण उशिरा.

आपली माणसं नेमकी कुठे फसतात

पहिली जागा दिव्यांची. वस्तीतल्या रस्त्यावर दर २०० यार्डांच्या, म्हणजे साधारण १८३ मीटरच्या आत दिवे असतील आणि दुसरी पाटी नसेल, तर इंग्लंडमध्ये मर्यादा ३० धरायची. अशा रस्त्यावर ३० च्या आठवण देणाऱ्या पाट्या मध्ये मध्ये लावत नाहीत. आपण पाटी शोधत राहतो, आणि दिवे हीच पाटी असते. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून अशाच रस्त्यांवर मर्यादा २० झाली. फिरायला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

दुसरी जागा सवलतीची. ‘दहा टक्के अधिक दोन’ हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे ३० च्या रस्त्यावर ३५ पर्यंत कॅमेरा काही करत नाही, वगैरे. हे पोलिसांचं मार्गदर्शक सूत्र आहे, कायदा नाही. ३१ हाही गुन्हाच. आणि ज्याला सूत्र पाठ असतं तो त्या रेषेवरच गाडी ठेवतो. मग एक उतार आला की गाडी रेषा ओलांडून जाते.

तिसरी जागा पत्त्याची. घर बदललं, पण लायसन्सवरचा आणि गाडीच्या कागदावरचा पत्ता बदलायचा राहिला. कॅमेऱ्याने पकडल्यावर १४ दिवसांच्या आत गाडीच्या नोंदणीकृत धारकाला नोटीस पाठवतात. गाडी कोण चालवत होतं हे तुम्ही २८ दिवसांत कळवायचं असतं. नोटीस जुन्या घरी गेली, तुम्ही उत्तर दिलं नाही, की तो वेगळा गुन्हा होतो. त्याला ६ पॉइंट आणि १००० पौंडांपर्यंत दंड आहे. म्हणजे वेगाला तीन आणि गप्प बसायला सहा! आपल्याला न कळता असा निकाल लागला असेल, तर कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टासमोर शपथेवर तसं सांगता येतं आणि केस पुन्हा उघडते. पण मुळात पत्ता बदलणं फुकट आहे, ते आज रात्रीच करा.

चौथी गोष्ट नव्यांसाठी. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यावर १२ महिने गाडी चालवता येते. ते लायसन्स बदलून मिळत नाही, इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. आणि ती पास झाल्यावर पहिली दोन वर्षं १२ पॉइंटही लागत नाहीत. सहा झाले की लायसन्स रद्द, पुन्हा पहिल्या परीक्षेपासून सुरुवात. तुमचा भारतातला वीस वर्षांचा अनुभव त्यात धरत नाहीत. दोन चुका झाल्या की संपलं.

‘वहिनींच्या नावावर टाक’

आता अवघड भाग. हा वगळला तर आमचं बोलणं खोटं ठरेल.

जानेवारीची नोटीस आली तेव्हा ती टेबलावर तीन दिवस पडून होती. गाडी कोण चालवत होतं, एवढाच प्रश्न. आमच्यातल्या एकाच्या लायसन्सवर ९ पॉइंट होते, दुसरीच्या लायसन्सवर शून्य. एका स्नेह्याने फोनवर सहज सांगितलं, ‘अरे, वहिनींच्या नावावर टाक. तीन पॉइंटांनी त्यांचं काय जातं?’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही एक रात्र तो विचार केला. घर चालवायचं, नोकरी टिकवायची, मुलाची शाळा. नवरा-बायकोत तुझं-माझं काय, असंही एकदा बोलून झालं.

मग आम्ही ख्रिस ह्यून यांची केस वाचली. हे गृहस्थ ब्रिटनचे मंत्री होते. मार्च २००३ मध्ये एम ११ मोटरवेवर त्यांची गाडी वेगात सापडली. पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नी, अर्थतज्ज्ञ विकी प्राइस यांनी आपल्या नावावर घेतले. पुढे लग्न मोडलं, गोष्ट बाहेर आली. २०१२ मध्ये मंत्रिपद गेलं, २०१३ मध्ये खासदारकी गेली. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. मूळ गुन्हा तीन पॉइंटांचा, दहा वर्षांपूर्वीचा.

हा गुन्हा न्यायाच्या कामात खोटेपणाने अडथळा आणण्याचा आहे, वाहतुकीच्या नियमांत तो बसत नाही. यात नवरा-बायको दोघंही आरोपी होतात. आणि आपल्यापैकी जे अजून भारतीय पासपोर्टवर आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: परदेशी नागरिकाला इथे १२ महिने किंवा जास्त कैद झाली, तर देशाबाहेर पाठवण्याची कारवाई कायद्यानेच सुरू होते.

भीती होतीच, ती नाकारत नाही. पण आमच्या घरात निर्णय त्यापुढच्या एका वाक्याने झाला. ‘उद्या मुलाने विचारलं तर काय सांगायचं?’ हे वाक्य कुणी म्हटलं ते सांगत नाही. चौथ्या दिवशी खरं नाव लिहून नोटीस पोस्टात टाकली.

कोर्टात काय होतं

बेरीज १२ वर जाणार असेल, तर १०० पौंड भरून मिटवायचा पर्याय मिळत नाही. केस कोर्टात जाते. आधी कागद येतो, २१ दिवसांत गुन्हा कबूल आहे की नाही ते कळवायचं. आम्ही कबूल केला. सुरुवातीलाच कबूल केलं तर दंडात एक तृतीयांश सूट मिळते. कोर्टातला दंड आठवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. आमच्या गटात तो उत्पन्नाच्या निम्मा धरतात. वर सरचार्ज आणि खर्च.

पण गुन्हा कबूल करणं वेगळं आणि बंदी टाळायची विनंती वेगळी. ती विनंती एकाच पायावर उभी राहते. बंदीमुळे जो त्रास होईल तो ‘असाधारण’ असला पाहिजे. नुसता त्रास चालत नाही. कायदा स्पष्ट आहे: गुन्हा किरकोळ होता हे कारण इथे चालत नाही, साधी गैरसोय चालत नाही, आणि एकदा वापरलेलं कारण तीन वर्षांत पुन्हा वापरता येत नाही. न्यायालयांसाठीची मार्गदर्शक सूत्रं सांगतात की बंदी म्हटली की बहुतेकांना काही ना काही झळ बसतेच. नोकरी जाईल एवढं सिद्ध केलं तरी ते आपोआप पुरेसं ठरत नाही. त्या नोकरी जाण्याने पुढे कुणावर काय येईल, ते बघतात. आणि दुसरी काही सोय खरंच नाही, याचा पुरावा मागतात.

समोर तीन न्यायदंडाधिकारी होते. हे बहुधा वकील नसतात. गावातलीच साधी माणसं, पगार न घेता हे काम करतात. कायद्याचा सल्ला द्यायला शेजारी एक अधिकारी बसलेला असतो. शपथ घेऊन सांगावं लागतं, उलट प्रश्न विचारतात.

आमच्या आधी एक बाई होत्या. तपशील थोडे बदलून सांगतो. त्यांचा भाऊ चाकाच्या खुर्चीवर, आठवड्यातून अनेकदा दवाखान्यात न्यावा लागतो, घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं नाही. त्यांनी डॉक्टरांचं पत्र आणलं होतं, भेटींच्या तारखा आणल्या होत्या, इतर वाहनांची चौकशी करून मिळालेली उत्तरं आणली होती. त्यांचं म्हणणं मान्य झालं.

आमच्याकडे नोकरीतल्या साहेबांचं पत्र होतं, की या कामात आठवड्यातून तीन दिवस साइटवर जावं लागतं. मग प्रश्न आले. पत्नीकडे लायसन्स आहे का? आहे. स्टेशन किती लांब? वीस मिनिटं चालत. सहा महिने ऑफिसात बसून काम देता येईल का, असं कंपनीला विचारलंत का? नव्हतं विचारलं. बचत आहे का? थोडी आहे. शपथ घेतली होती, खरी उत्तरं दिली. ती उत्तरं देतानाच आम्हाला कळत होतं की हा त्रास आहे, पण असाधारण नाही.

पंधरा मिनिटं ते आत गेले आणि बाहेर येऊन सहा महिने म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, ‘आज घरी कसे जाणार आहात?’ बंदी त्या क्षणापासून लागू होते, कोर्टाच्या आवारातली गाडीसुद्धा हलवता येत नाही. आम्ही ट्रेनने गेलो होतो. तुम्हीही तसंच जा.

ते सहा महिने

नोकरी गेली नाही. कंपनीने बसून करायचं काम दिलं, भत्ता मात्र गेला. मुलाला शाळेत सोडायचं सगळं काम घरातल्या दुसऱ्या माणसावर आलं, आणि तिने आपल्या कामाच्या वेळा बदलून घेतल्या. हा भाग आम्ही मुद्दाम सांगतो. बंदी एकाच्या नावावर असते, पण ती सगळं घर भोगतं.

हिवाळ्यातल्या पहाटे पावसात स्टेशनपर्यंत चालताना एक-दोनदा मनात आलं, कोपऱ्यावरच तर जायचंय, कोण बघतंय? बंदी असताना गाडी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विमा तर लागू नसतोच. चावी आम्ही डब्यात ठेवली, गणपतीच्या फोटोमागे. हसू नका, उपयोग झाला.

बंदी संपल्यावर ते बारा पॉइंट पुढच्या बेरजेत धरत नाहीत, पाटी कोरी होते. पण लायसन्स आपोआप परत येत नाही. ५६ दिवसांची किंवा मोठी बंदी असेल तर नवं लायसन्स मागवावं लागतं, आणि ते हातात येण्याची व्यवस्था झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बंदीची नोंद चार वर्षं दिसते. विम्याचा हप्ता किती वाढला ते आम्ही इथे सांगत नाही, जेवण जाणार नाही तुम्हाला.

घरी जाऊन करायच्या चार गोष्टी

एक, सरकारी संकेतस्थळावर आपल्या लायसन्सची नोंद उघडून किती पॉइंट आहेत आणि त्यांच्या तारखा काय, ते कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. दोन, दोन्ही पत्ते तपासा. तीन, गाडीत वेगमर्यादेची सूचना देणारी सोय असेल तर चालू करा. तिच्या आवाजाचा कंटाळा येतो, पण बसची वाट बघण्याचा जास्त येतो. चार, सहा पॉइंट झाले की आपली सवय बदला. नऊ झाल्यावर बदलायला फार थोडी जागा उरते. आम्ही सहावर असताना ‘अजून सहा शिल्लक आहेत’ असं म्हणालो होतो. बँकेतल्या पैशांसारखं!

आणि कुणी नातेवाईक किंवा मित्र नोटीस हातात घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याला युक्ती सुचवू नका. चहा द्या, तारखा लिहून काढायला मदत करा, गरज असेल तर वाहतुकीचे खटले चालवणाऱ्या वकिलाकडे पाठवा. आमच्या टेबलावर त्या तीन दिवसांत असा कुणी आला असता तर बरं झालं असतं.

आता गाडी पुन्हा चालवतो. शाळेच्या रस्त्यावर मागचा कधी हॉर्न वाजवतो, वाजवू द्या. मुलगा मागच्या सीटवरून काटा बघत असतो आणि एकोणचाळीस झाले की मोठ्याने सांगतो. घरात कॅमेरा बसवल्यासारखं झालंय.

इतकंच. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारा.